सिंगापूरला भावाकडे उतरावं की हॉटेल घ्यावं?

सिंगापूरला कोणीतरी आपलं माणूस आहे, तिकिटं काढायची चाललीयेत आणि घरात वाद सुरू आहे की त्यांच्याकडेच उतरायचं का चार-पाच रात्री हॉटेल बुक करायचं, अशा लोकांसाठी हे लिहितोय. माझं दोन्ही करून झालंय. काय बघायचं, व्हिसा कसा काढायचा, मरलायनच्या पुतळ्यासमोर उभं राहून तोंडात पाणी घेतल्याचा फोटो कसा काढायचा हे सगळं सोडून देतो, ते सगळ्यांना माहीत असतं. मामेभाऊ, म्हणजे दादा, तिथे बरीच वर्षं आहे, पीआर म्हणजे तिथला कायमचा रहिवासी आहे, सेंगकांग नावाच्या राहत्या एरियात त्याचा स्वतःचा एचडीबी फ्लॅट (तिथली सरकारी गृहनिर्माणातली घरं) आहे, वहिनी पण नोकरी करते आणि दोन मुलं तिथल्याच लोकल शाळेत. आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी. तुमच्याबरोबर आजी-आजोबा असतील किंवा कडेवरचं बाळ असेल तर गणित बदलतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी एक तिसरा पर्याय बाद करून टाकतो कारण तो प्रत्येकालाच सुचतो. भावाच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये एअरबीएनबी घेऊ, म्हणजे जवळही राहू आणि मोकळंही राहू. नाही होत. सिंगापूरमध्ये प्रायव्हेट घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी आणि एचडीबी फ्लॅट सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्याने द्यायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा साइटवर काही स्वस्तात चमकताना दिसलं तरी त्या भानगडीत पडू नका. पैसे न घेता नातेवाईक चार दिवस येऊन राहिले तर त्याला अर्थातच कोणी काही म्हणत नाही, फक्त तुमचा भाऊ स्वतःच भाड्याच्या घरात असेल तर त्याने घरमालकाच्या कानावर घातलेलं बरं. आणि सेंगकांग, पुंगोल, वुडलँड्ससारख्या राहत्या एरियांत हॉटेलं फारशी नाहीतच, ती सगळी शहरात. त्यामुळे ‘भावाजवळचं हॉटेल’ हा प्रकार जवळपास नाही असंच धरा, एकतर घर नाहीतर शहरातलं हॉटेल.

पैशाचं पटकन उरकू. लिटल इंडिया, फॅरर पार्क भागात तिघांना नीट झोपता येईल अशी खोली आम्हाला रात्रीला पावणेदोनशे सिंगापूर डॉलरच्या आसपास पडली, म्हणजे डॉलर पासष्ट-सत्तर रुपये धरला तर बारा हजार वगैरे. किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी अजून लागायचाय असा त्याचा अर्थ, तेव्हा आकडा बघून आधीच खूश होऊ नका. घरी उतरलात की हे वाचतात हे खरं आहे, पण पूर्ण वाचतात असं मला वाटत नाही. इथून मुलांना काहीतरी नेणं, वहिनीसाठी साडी किंवा ड्रेस, सामानाचे किलो त्यात जाणं, आणि निघायच्या आधी ‘आज आमच्याकडून’ म्हणून सातजणांना एकदा चांगल्या ठिकाणी जेवायला नेणं, हे सगळं आपण आनंदानेच करतो पण खर्च तो खर्चच. तरीसुद्धा घर स्वस्त पडतं, यात वाद नाही. बजेट खरंच टाइट असेल तर पुढचं वाचायची पण गरज नाही, घरीच उतरा.

आता घराची बाजू. पहिली सकाळ घराचीच. आपल्याकडून रात्रीची फ्लाइट असते, साडेपाच तास, त्यातले दोन जेवणाच्या ट्रॉलीत जातात, वर घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे चांगी एअरपोर्टला उतरता तेव्हा तिथे मस्त ऊन पडलेलं असतं आणि तुमच्या शरीरात पहाटेचे पाच वाजलेले असतात. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला नाहीतर तीनला. बॅगा ठेवून घेतात पण आंघोळ कुठे करणार? एअरपोर्टला लागूनच्या ज्युएल मॉलमधला ४० मीटरचा तो धबधबा बघून होतो, फोटो होतात, आणि मग अकरा वाजता मुलगी तिथल्याच बाकड्यावर आडवी होते. दादाकडे उतरलो होतो तेव्हा दार उघडल्याउघडल्या वहिनीने विचारलं, आधी चहा का आधी आंघोळ. बाथरूममध्ये जेट स्प्रे. (हसू नका, तिथल्या कित्येक हॉटेलांत नसतो आणि पाच दिवस म्हणजे पाच दिवस असतात.)

दुसरं कपडे. हवा अशी दमट की बाहेर पडून बसस्टॉपपर्यंत जाईतो टी-शर्ट पाठीला चिकटतो, माणशी दिवसाला दोन-तीन जोड सहज लागतात. घरी मशीन असतं, बांबूवर किंवा छताच्या रॅकवर टाकले की संध्याकाळपर्यंत वाळतात. हॉटेलात लाँड्रीचा रेट वाचून आम्ही बेसिनमध्ये मोजे धुतले आणि एसीपुढे वाळत घातले, जे सगळेच करतात पण सांगत कोणी नाही.

आणि तिसरं, जे मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलं, ते म्हणजे राहतं सिंगापूर दिसतं. तिथली बहुतांश लोकसंख्या एचडीबीतच राहते, म्हणजे मरीना बेच्या पोस्टरमध्ये जे दिसतं ते शहर आणि हे वेगळंच. तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात, एका बाजूला आजोबा मंडळी बसलेली, दुसऱ्या बाजूला मलय लग्नाची तयारी, मांडव, बिर्याणीचा वास. फ्लॅटमध्ये स्टीलचं जाड दार असलेली एक बारकी खोली असते, घरातला बॉम्ब शेल्टर, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून नव्या घरांत तो करावाच लागतो, आणि सगळ्यांच्या घरी तिथे जुन्या बॅगा, मुलांच्या सायकली, तांदळाची पोती असतात. आमच्या बॅगापण तिथेच गेल्या, मुलीला त्याचं भयंकर अप्रूप. खाली उतरलं की हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे स्वस्त स्टॉल. दादाने सगळं शिकवलं: टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली, तिथे त्याला ‘चोप’ करणं म्हणतात, कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कची कॉफी येते, नुसती काळी पण साखरेची हवी तर कोपी-ओ, आणि जेवून झाल्यावर ट्रे उचलून ठेवायचा नाहीतर दंड, २०२१ पासून ते सक्तीचं आहे. वहिनी शाकाहारी, तिला कुठला स्टॉलवाला सुकी कोळंबी न घालता नूडल्स परतून देतो हे पाठ. हे सगळं हॉटेलात राहून कळायला तुम्हाला महिना लागेल. तेव्हा घर वाईट म्हणायचा प्रश्नच नाही.

मग माझं गाडं अडलं कुठे, तर संध्याकाळी.

सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे, त्यामुळे बारा महिने सूर्य सात-सव्वासातच्या सुमारालाच मावळतो, आणि दुपारी बारा ते पाच बाहेर फिरणं म्हणजे शिक्षा असते, ऊन नसेल तर विजांचा पाऊस असतो. तिथली बघण्यासारखी निम्मी गंमत म्हणून अंधार पडल्यावरच सुरू होते. गार्डन्स बाय द बेमधल्या सुपरट्रीजचा, म्हणजे त्या उंच कृत्रिम झाडांचा, लाइट शो पावणेआठला आणि पावणेनऊला, मरीना बेच्या पाण्यावरचा शो आठला आणि नऊला, दोन्ही फुकट. सेंटोसाच्या बीचवरचा शो पण रात्रीच, नाइट सफारी तर उघडतेच सव्वासातला आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. आपल्या पोटाच्या आणि झोपेच्या हिशोबाने हे सगळं बरोब्बर जमतं, कारण तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेसहा, आपण ताजेतवाने असतो.

घराचा दिवस मात्र उलटा चालतो. शाळा साडेसातची, मुलांची बस साडेसहाच्या आत येते, अजून उजाडलेलं पण नसतं, म्हणजे घरात साडेपाचला मिक्सर सुरू. वहिनी ऑफिसमधून साडेसहाला येते, साडेसातला जेवणं, नऊला मुलांचे दिवे बंद. यात काही चूक नाही, तिथे कामाच्या दिवशी असंच चालतं. पण आपण बे-फ्रंटला सुपरट्रीखाली गवतावर जागा धरून बसलेलो असतो, अजून अंधार पडायचाय, दिवे लागायचेत, आणि सातला फोन वाजतो. ‘भाऊजी, कुठपर्यंत आलात? नाही, घाई नाही, सावकाश या, मी फक्त विचारतेय म्हणजे त्या हिशोबाने कुकर लावते.’

आता याला उत्तर काय द्यायचं ते सांगा. ‘आम्ही बाहेरच खाऊन येतो’ म्हटलं तर तिने ऑफिसमधून येताना मुद्दाम अळूची पानं आणलीयेत. ‘नऊ वाजतील’ म्हटलं तर ती म्हणते चालेल की, आणि मग तुम्ही सव्वानऊला घरात शिरता तेव्हा सगळे थांबलेले असतात, धाकटा सोफ्यावर झोपलाय, त्याला उठवून ‘काका आले, चल दोन घास खा’ चाललंय आणि त्याला पहाटे उठायचंय. दादा म्हणतो अरे काही होत नाही रे. होतं. आम्ही मग दुसऱ्या दिवशी पावणेआठचा शो अर्धा टाकून पळालो, तिसऱ्या दिवशी शोला गेलोच नाही, नाइट सफारी तर कार्यक्रमातूनच काढून टाकली, कारण तिथून सेंगकांगला पोचायला बारा वाजणार आणि घराच्या डिजिटल लॉकला उघडताना जो एक टुणटुणाट होतो तो अख्ख्या मजल्याला ऐकू जातो. मुलगी कितीतरी दिवस तेच ऐकवत होती, सिंगापूरला जाऊन नाइट सफारी न बघितलेले आपणच.

अंतराचं पण सांगतो, कारण नकाशावर ते लक्षात येत नाही. बे-फ्रंटहून डाउनटाउन लाइनने निघालात की चौथं स्टेशन लिटल इंडिया. सेंगकांगला जायचं तर तिथे उतरून, चालत चालत, सरकते जिने चढत नॉर्थ ईस्ट लाइन पकडायची आणि पुढे नववं स्टेशन, मग तिथून छोटी एलआरटी ट्रेन, मग ब्लॉकपर्यंत चालणं. घरचा रस्ता म्हणजे हॉटेलचाच रस्ता आणि वर तेवढाच, खरंतर त्याच्यापेक्षा जास्तच. सकाळी हे अंतर काहीच वाटत नाही, ट्रेन थंडगार असते. पण दुपारी दोनला घामाने निथळत असताना ‘जरा घरी जाऊन आंघोळ करून, तासभर पडून परत येऊ’ हे सेंगकांगहून शक्यच नाही. मग काय करता, मॉलमध्ये बसता, पाय दुखतात, नको ती खरेदी होते, आणि संध्याकाळी जेव्हा शहर उघडतं तेव्हा तुम्ही संपलेले असता आणि फोन येतो.

हॉटेलात हेच सगळं सुटलं. लिटल इंडियात राहिलो तेव्हा सकाळी लवकर बाहेर, दुपारी परत, आंघोळ, चक्क दोन तास झोप, साडेपाचला पुन्हा निघायचं आणि रात्री अकरा वाजो नाहीतर साडेअकरा, कोणाचा कुकर अडलेला नाही. दोन्ही शो निवांत झाले, एक खाली झोपून एक वरून. नाइट सफारी झाली, येताना मेट्रोची शेवटची गाडी गाठायच्या नादाला न लागता टॅक्सी केली, फक्त लक्षात ठेवा की मीटरच्या टॅक्सीला बारा वाजून गेले की ५० टक्के जास्त लागतात, म्हणून पावणेबाराला निघालेलं बरं.

हॉटेलचे वांधे नाहीत असं नाही. सिंगापूरच्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीची खोली सर्रास असते आणि बुकिंग करताना ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमची पण तसलीच निघाली, सकाळी जाग आल्यावर बाहेर उजाडलंय का पाऊस पडतोय काही पत्ता नाही, मोबाइल बघूनच ठरवायचं. तिघांना खोली म्हणजे बॅग उघडायची तर एकाने पलंगावर चढायचं. नाश्ता रोज तेच टोस्ट आणि फळं, दुसऱ्या दिवसापासून आम्ही खाली कोमला विलासला जायला लागलो, १९४७ पासूनचं आहे, डोसा झकास आणि कॉफी तर विचारू नका. आणि खरं सांगायचं तर लिटल इंडियात राहिलं की परदेशात आल्यासारखं वाटत नाही अशी तक्रार बायकोची होती, सेरांगून रोडवर गजरे, अगरबत्त्या, सोन्याची दुकानं, मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात तर निम्मी गर्दी आपलीच. मला त्याचं काही वाटलं नाही. जेवणाची काळजी मिटते आणि दोन मेट्रो लाइन पायाखाली, एवढ्यावर मी तो एरिया घेईन. तुम्हाला नको असेल तर चायनाटाउन बघा, तिथेही या दोन्ही लाइन आहेत.

आता कोणासाठी घरच बरं, ते पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. बरोबर आई-वडील असतील तर घर. त्यांना रात्रीचे लाइट शो दोन काय नि एक काय, पण सकाळचा चहा मनासारखा, पोळी-भाजी, गुडघ्याला सोयीचं बाथरूम आणि दुपारी बोलायला माणूस याची किंमत कुठल्याच हॉटेलात होत नाही. आईला नेलं तेव्हा ती रोज संध्याकाळी खाली व्हॉइड डेकमध्ये जाऊन बसायची आणि भाषा येत नसताना एका चिनी आजींशी तिची मैत्री झाली, कशी ते मला आजतागायत कळलेलं नाही. तान्हं बाळ असेल तरी घर, फ्रिज आणि गॅस लागतो. तुम्ही आठ वाजता जेवून झोपणारे लोक असाल तर मग माझा सगळा मुद्दाच तुम्हाला लागू नाही. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एफ-वनची नाइट रेस असते, २००८ पासून मरीना बेच्या रस्त्यांवरच, त्या आठवड्यात हॉटेलचे दर बघून माणूस आपोआप नात्यांची आठवण काढतो.

तारखांचं अजून एक. आपली मेची सुट्टी म्हणजे तिथली भर शाळा. त्यांना मोठी सुट्टी साधारण जूनमध्ये आणि मग नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर. जूनमध्ये गेलात तर घरातला तो नऊचा दिवेबंद प्रकार नसतो, मुलं पण तुमच्याबरोबर फिरतात, माझी तक्रार बरीचशी विरघळून जाते. पण त्यांच्या मुलाचं सहावीचं वर्ष असेल तर मात्र सुट्टीत पण जाऊन राहू नका. पीएसएलई नावाची परीक्षा असते, त्यावर पुढची शाळा ठरते, आणि बारावीच्या वर्षात आपल्याकडे घरात जे वातावरण असतं तेच तिथे बारा वर्षांच्या पोराच्या घरात असतं. पाहुण्यांना खोली कुठली मिळते तर मुलांचीच. तिथला फोर-रूम फ्लॅट म्हणजे तीन बेडरूम आणि एक हॉल, ९० चौरस मीटरच्या आसपास, त्यात चौघांचं मापात बसलेलं असतं. आपण आलो की एक पोरगं गादीसकट आईबापांच्या खोलीत जातं. ते कोणी बोलून दाखवत नाही पण मला तरी ते दिसत राहतं.

दादाला कसं सांगायचं हा खरा कठीण पेपर. माझ्या आईने तर इथूनच सुरुवात केली होती, ‘माझ्या भाच्याचं घर असताना तुम्ही हॉटेलात? भावाला काय तोंड दाखवू मी?’ मी तिकिटं काढायच्या आधीच दादाला फोन केला आणि सरळ सांगितलं की रात्री उशिरापर्यंत भटकायचंय, तुमची झोपमोड नको, मधले दिवस शहरात राहतो आणि शुक्रवारी रात्री तुमच्याकडे येतो, मग रविवारपर्यंत हलत नाही. तो पाच सेकंद गप्प बसला, मग म्हणाला, बरं झालं रे, त्या आठवड्यात आम्हा दोघांचं ऑफिसमध्ये डोकं वर काढता येणार नाहीये. वहिनी रुसली थोडी, पण मला वाटतं तीसुद्धा सुटल्यासारखी झाली असावी. विचारायची माझी हिंमत नाही.

क्रम मात्र हाच ठेवा, आधी हॉटेल मग घर. उलटा केलात, म्हणजे पहिल्या दिवशी घरी उतरलात आणि तिसऱ्या दिवशी बॅगा घेऊन हॉटेलला निघालात, तर तुमचं काहीतरी बिनसलं असाच अर्थ निघणार, तुम्ही कितीही समजावा. शिवाय शनिवार-रविवार घरी असलात की सगळे मोकळे असतात, रात्री बारापर्यंत गप्पा होतात, दादा गाडी किंवा ग्रॅब (अ‍ॅपवरची टॅक्सी) करून कुठल्यातरी हॉकर सेंटरला नेतो जे कुठल्याच यादीत नसतं, धुणं एकदाच सगळं धुऊन वाळवून भरता येतं, आणि परतीच्या दिवशी चेक-आउट नावाचा प्रकार नाही, फ्लाइटपर्यंत निवांत. पहिल्या सकाळचा आंघोळीचा प्रश्न उरतो, तो हॉटेलला आधी मेल टाकून लवकर चेक-इन मिळतंय का विचारा, नाहीच तर शॉवर पैसे देऊन एअरपोर्टवरच मिळतो.

पोचायच्या दिवसासकट आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. त्यात राहण्याचा पत्ता विचारतात. हॉटेल असेल तर नाव निवडलं की झालं, घर असेल तर ब्लॉक नंबर, मजला-फ्लॅट नंबर आणि सहा आकडी पोस्टल कोड आधीच मागून ठेवा, दादाला ऐन मीटिंगमध्ये फोन करावा लागत नाही.

आणि फराळ नेताना जरा बघून. खसखस सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या मालात मोडते, अफूच्या बोंडातली म्हणून, नार्कोटिक्सवाल्यांच्या यादीत आहे ती. म्हणजे अनारसे बाद, आईचा गोडा मसाला खसखस घालून केला असेल तर तोही बाद, आणि बाकरवडीच्या पाकिटावर घटक वाचून घ्या, तिच्यात पण बरेचदा असते. आम्ही शेवटी नुसत्या चकल्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली. आईला अनारशांचं कारण सांगितलं तर तिला वाटलं मी डबा न्यायचा कंटाळा करतोय.